धार लावायचं पहिलं सामान घेताय? या चुका टाळा

घरच्या सुऱ्यांना घरीच धार लावायची म्हणून सामान घेणारे लोक वाढलेत, ते चांगलंच आहे, पण चुका मात्र सगळ्यांच्या त्याच त्याच. प्रश्न पण ठरलेला असतो, "किट चांगलं घेतलंय, रिव्ह्यू बघून घेतलंय, तरी टोमॅटो चिरडतोच आहे, आता कोणता दगड घेऊ?" आणि आपण विचारलं की आहे तो दगड कितीवेळ चालवलास, तर म्हणे प्रत्येक दगडावर दहा-दहा वेळा, व्हिडिओत तसंच दाखवलं होतं. अहो व्हिडिओतल्या माणसाची सुरी आधीच बऱ्यापैकी धारदार होती, तुमची दोन वर्षं ओट्याच्या कडेवर घासून झालेली आहे, दोघांना दहा वेळा कसं पुरेल?

बर यायच्या आधी दगड बदलणं

ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात आणि किट घेताना तिचाच विचार कोणी करत नाही, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहितो.

सुरी एका बाजूने दगडावर घासत गेलो की धातू झिजत झिजत अगदी धारेच्या टोकापर्यंत पोचतो, आणि तिथे उरलेला एकदम पातळ धातू पलीकडच्या बाजूला वळतो. वर्कशॉपमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा, याला बर म्हणतात. डोळ्याला सहसा दिसत नाही पण अंगठ्याला कळतो. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेच्या बाहेर सरकवायचा, धारेवरून लांबीला कधीही फिरवायचा नाही. काहीतरी खरखरीत अडकतंय असं वाटलं की बर आला. अंगठ्यावर विश्वास नसेल तर कापसाचा बोळा घ्या आणि तसाच बाहेरच्या दिशेने ओढा, बर असेल तिथे तंतू अडकून राहतात. मुठीपासून टोकापर्यंत सगळीकडे बर आला पाहिजे, अर्ध्या पात्यावर आला म्हणजे अर्धंच काम झालंय. तो येईपर्यंत दगड बदलायचा नाही, वीस मिनिटं लागली तर वीस मिनिटं.

ठाण्याला माझा एक मित्र आहे, त्याने क्लँपवालं किट घेतलं, सुरी मध्ये पकडायची आणि दांड्याला लावलेला दगड वर-खाली सरकवायचा असतं ना, तसलं. सोबत 120, 320, 600 आणि 1500 असे चार दगड आले, नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. धार लागेना म्हणून त्याने वरून 3000 चा घेतला, तरी लागेना म्हणून 10000 चा घेतला. शेवटी एका रविवारी सगळं बाड घेऊन माझ्याकडे आला, म्हणाला "अरे पातं आरशासारखं झालंय बघ, तोंड दिसतंय, पण कांद्याची सालसुद्धा निघत नाही."

पातं खरंच चमकत होतं. मी काळा मार्कर घेतला आणि धारेच्या उतारावर दोन्ही बाजूंनी फासला, मग त्याला म्हटलं तू नेहमी चालवतोस तसा दगड चालव. सात-आठ वेळा चालवल्यावर बघितलं तर उताराचा वरचा भाग, पाठीकडचा, लखलखीत, आणि खाली धारेला लागून काळी रेघ जशीच्या तशी. म्हणजे इतके दिवस दगड धारेला शिवतच नव्हता! कुठेतरी ऐकलं होतं जपानी सुऱ्यांना 15 अंश लावतात, म्हणजे पातं आणि दगड यांच्यातला कोन, म्हणून याने क्लँप 15 वर ठेवलेला आणि सुरी होती जाडसर जर्मन पद्धतीची, कंपनीतूनच 20 अंशाच्या आसपास आलेली. मग काय, तो नुसता खांदा, म्हणजे उताराची वरची कड, पॉलिश करत बसला होता.

अँगल वाढवून 20 ला आणला, 3000 आणि 10000 चे दगड पिशवीत परत टाकायला लावले आणि 320 वर बसवलं. पाच मिनिटं झाली नाहीत तोवर "आता 600?" अजून थोड्या वेळाने परत "आता?" बर आहे का बघ म्हटलं, तर टोकाकडे नव्हता. चहा झाला तरी नव्हता. टोकाकडच्या गोलाईला क्लँपवाल्यांचा वेळ जातोच, कारण दांड्याच्या खुंटीपासून तो भाग लांब असतो, अँगल तिथे बदलतो आणि क्लँपवर छापलेला आकडा काही सगळ्या पात्याला लागू होत नाही. शेवटी पूर्ण लांबीला बर आला, मग दुसऱ्या बाजूने तेच, मग 600 वर हलक्या हाताने, आणि तिथेच थांबवलं. टोमॅटो ठेवला, सुरी नुसत्या वजनाने सालीत शिरली. 10000 चा दगड त्या दिवसापासून पिशवीतच आहे आणि तिथेच राहू दे.

म्हणून पहिली खरेदी करताना दगडांची संख्या बघू नका. मी सगळ्यांना एकच सांगतो, 1000 नंबरचा एक बरा पाण्याचा दगड (तेल नाही, पाणी लावून वापरायचा) घ्या आणि दोन महिने त्याच्यावरच काढा. भाजी-फळांना 1000 ची धार भरपूर झाली, उलट टोमॅटोच्या सालीला थोडी खरखरीत धारच जास्त चांगली पकडते. 6000 चा दगड नंतर बघू. पात्याला खांडं पडली असतील तर मात्र 1000 ने जीव जाईल, त्याला 300-400 नंबरचा दगड किंवा डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण बसवलेली पट्टी, लागते.

मार्कर स्वस्तात मिळतो, पहिल्यांदा तोच घ्या. अँगल हाताने धरायची भीती वाटते त्यांच्यासाठी माझी सवय सांगतो, पट्टी घ्या. 45 मिलिमीटर रुंद पातं असेल तर 15 अंशाला पाठ दगडापासून 12 मिलिमीटर वर उचलायची, 20 अंशाला साधारण 15. एकदा पट्टी लावून बघितलं की मनगटाला लक्षात राहतं. अर्धा-एक अंश इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही.

घरात कोणती पाती आहेत हे न बघता किट घेणं

आपल्याकडे ही चूक फार होते कारण रिव्ह्यू बाहेरच्या स्वयंपाकघरांचे असतात. आधी घरातलं सगळं धारेचं सामान ओट्यावर काढून ठेवा. निघतं काय, एक विळी, दोन स्टीलच्या सुऱ्या, एखादी भेट आलेली महागडी सुरी, एक ब्रेडची दातेरी, एक अडकित्ता. यातली विळी कुठल्याच क्लँपमध्ये बसणार नाही. तिचं पातं पाटाला पक्कं आणि वर बाक असलेलं, तिथे दगड हातात घेऊन पात्यावर न्यावा लागतो, पूर्वी घरोघरी निसणा असायचा तो त्यासाठीच. ज्या घरात रोजची भाजी विळीवर चिरली जाते तिथे हजारो रुपयांचं क्लँप किट आणायचं आणि विळी बोथट ठेवायची, मला हे बघवत नाही. हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू जाड आणि एक बारीक, पाचशेच्या आत येतो. विळी, कोयता, साध्या सुऱ्या, सगळं त्याच्यावर होतं. आधी पात्याच्या दोन्ही बाजू नीट बघा, उतार एकाच बाजूला असेल तर त्याच बाजूने घासायचं, दुसऱ्या बाजूला दगड सपाट ठेवून फक्त बर काढायचा. आणि विळीला दगड लावताना बोटं कायम दगडाच्या मागे, कडेला आलेली चालणार नाहीत.

महागडी जपानी सुरी असेल तर गोष्ट वेगळी. तिचं पोलाद बहुतेक वेळा 60 एचआरसीच्या (पोलादाचा कडकपणा मोजायचं माप) वर असतं, म्हणजे कडक पण ठिसूळ. आपल्या नेहमीच्या जर्मन पद्धतीच्या सुऱ्या 55 ते 58 मध्ये असतात, त्या वाकतात पण तुटत नाहीत. हे माहीत नसताना लोक पुढची चूक करतात.

ओढायचा शार्पनर

व्ही आकाराच्या खाचेतून सुरी ओढायची आणि झाली धार. याच्यासारखा शॉर्टकट मला अजिबात आवडत नाही. आतल्या कार्बाइडच्या पट्ट्या धातू घासत नाहीत, खरवडतात, म्हणून खाचेत बारीक कीस पडलेला दिसतो. धार लगेच लागल्यासारखी वाटते पण फाटकी असते आणि सुरी वर्ष-दोन वर्षांत निम्मी होते. मुठीजवळचा भाग खाचेत पोचत नाही म्हणून तिथे खळगा पडतो, मग सुरी बोर्डवर पूर्ण टेकत नाही आणि कोथिंबीर अर्धवट कापली जाऊन माळेसारखी लटकते. जपानी सुरी यातून ओढली की धारेचे टवके उडतात. पन्नास रुपयांच्या सुरीला वापरा हवं तर.

सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्यांचं काम वेगळं आहे, विळी, कात्री, कोयता त्यांच्याकडे जरूर द्या, हात बसलेला असतो. पातळ सुरी मात्र कोरड्या फिरत्या चाकाला देऊ नका, आणि घरी ग्राइंडर आहे म्हणून स्वतः तर अजिबात लावू नका. धारेपाशी निळा रंग आला म्हणजे तिथलं तापमान 300 अंशांच्या आसपास गेलं, पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. तेवढा भाग झिजवून काढेपर्यंत तिथे धार टिकत नाही.

बारीकसारीक, पण रोजच्या

पाण्याच्या दगडावर तेल घालू नका, कधीच. कार्बोरंडमच्या दगडावर तेल चालतं पण शिलाई मशीनचं, गोडेतेल घातलं की काही दिवसांत चिकट होऊन दगडाची भोकं बुजतात.

सगळे दगड भिजत घालायचे नसतात. किंग कंपनीचा 1000 बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवतात, शॅप्टन कंपनीच्या कुरोमाकु दगडावर फक्त पाणी शिंपडायचं, तो पाण्यात बुडवून ठेवला तर खराब होतो.

दगड मध्ये खोलगट होतो आणि मग अँगल हातात राहत नाही. पेन्सिलने जाळी काढा, सपाट काचेवर वॉटर पेपर पाण्याने चिकटवा, जाळी पुसली जाईपर्यंत दगड घासा. मी दर तीन-चार वेळांनी करतो.

डायमंड प्लेटवर जोर दिला की हिरे उपटून निघतात. हात हलका.

लांब गोल स्टीलचा रॉड धार लावत नाही, वळलेली धार सरळ करतो. बोथट सुरीवर तो तासभर चालवला तरी काही होणार नाही.

दातेरी सुरी सपाट दगडावर नको. काचेचा चॉपिंग बोर्ड घरात असेल तर आधी तो काढून टाका, मग धारेचं बोला.

"काल मस्त कापत होती, आज परत बोथट"

हे ज्यांचं होतं त्यांचं निम्म्याहून जास्त काम बरोबर झालेलं असतं, फक्त बर काढायचा राहिलेला असतो. उभी राहिलेली ती पातळ कड पेपर छान कापते, पहिला टोमॅटोही कापते, आणि एखादा भोपळा चिरला की आडवी पडते. लोक मग दगडाला नावं ठेवतात किंवा अजून बारीक दगड घ्यायला धावतात. उपाय त्याच दगडावर आहे. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, असं आळीपाळीने आणि प्रत्येक वेळी जोर कमी करत जायचं, शेवटचे काही हात तर सुरीच्या वजनापेक्षाही हलके. मग जुना चामड्याचा पट्टा किंवा जीन्सचं कापड पाटावर ताणून धार मागे ठेवून ओढायची, पुढे ढकलली तर कापड कापलं जाईल. परत कापसाचा बोळा लावून बघा, दोन्ही बाजूंनी. एखाद्या ठिकाणी अजून तंतू अडकत असतील तर तेवढ्याच भागाला आणखी दोन-चार हलके हात द्या, सगळी सुरी पहिल्यापासून घासत बसू नका.