टँकरवरची नोकरी, पण पाण्याच्या नव्हे

आमच्या पाटोदा तालुक्यात टँकर म्हटलं की बायामाणसं घागरी घेऊन पळतात. मला पहिलं जहाज मिळालं तेव्हा आईनं शेजारणीला सांगितलं, "लेकरू टँकरवर लागलं." ती म्हणाली, "मग आपल्या गल्लीत एक खेप जास्ती टाकाय सांगा की!"

माझा टँकर कच्च्या तेलाचा होता. लांबी ३३० मीटर, पोटात वीस लाख बॅरल. अशा जहाजांवर मी अकरा वर्षं काढली. गावची पोरं आता विचारायला येतात, काका, देश किती बघितले? फार नाहीत. एवढं मोठं जहाज सहसा गावाजवळच्या धक्क्याला लागत नाही. गुजरातेत वाडीनारला तर समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या बोयालाच नळ्या जोडतात. दीड-दोन दिवसांत तेल उतरवून परत चालू लागायचं, किनारा लांबूनच बघायचा.

लाटांची सवय होते. भ्यायचं ते रिकाम्या टाकीला. तेल उतरताना टाकीत बॉयलरचा धुऊन थंड केलेला धूर भरतात. ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या खाली ठेवला की आग लागत नाही, पण माणूसही जगत नाही. उतरायचं असेल तर आधी ताजी हवा मारायची, मीटरवर ऑक्सिजन २०.९ टक्के दिसला आणि लेखी परवानगी मिळाली की मगच. पहिल्याच महिन्यात माझ्या हातातला पाना टाकीत पडला. मी शिडीवर पाय टाकला, तोच बोसननं, म्हणजे आमच्या खलाशांच्या मुकादमानं, मागून कॉलर धरली. ओरडला नाही. मीटरची नळी आत सोडली आणि आकडा दाखवला: १४. आपल्याकडं विहिरीत गाळ काढायला उतरलेला गुदमरतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही जातो. तसंच हे.

आता नोकरभरतीचं. दहावीनंतर जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाच्या कामाचा, सहा महिन्यांचा कोर्स असतो. मग सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक, काढायची, टँकरवर जायचं तर तेलाच्या टँकरचा बेसिक कोर्स वेगळा. कोर्सची संस्था आणि नोकरी लावणारी कंपनी, दोन्ही नौवहन महासंचालनालयाच्या यादीत आहेत का ते स्वतः तपासा. कंपनीकडं आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना हवा. नोकरी लावून देण्याचे पैसे घेणं बेकायदा आहे. हे मला उशिरा कळलं. तोवर एका एजंटानं वडिलांकडून दीड लाख नेले होते, एक एकर गहाण टाकून.

आणि पाणी? जहाज समुद्राचं पाणी इंजिनाच्या उष्णतेवर उकळून गोडं करतं. नांगर टाकला की इंजिन बंद, पाणीही बंद. अमिरातीतल्या फुजैरा बंदराबाहेर बारा दिवस थांबलो तेव्हा माणशी रोज एक बादली ठरली. बाकीचे कॅप्टनच्या नावानं बोटं मोडत होते. मी अर्ध्या बादलीत आंघोळ उरकली आणि उरलेल्यात अंगावरचा कामाचा बॉयलर सूट भिजवला.