शिसं आणि लेकरांची किडनी: या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'क्रिएटिनिन (किडनीचं काम पाहायला रक्तात मोजतात तो टाकाऊ घटक) नॉर्मल आहे' म्हणून निश्चिंत होणं. किडनीची गाळण्याची ताकद निम्म्याच्या आसपास घटेपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं. शिसं आधी धरतं ते किडनीतल्या बारीक नळ्यांना, ज्या गाळलेल्या द्रवातून साखर, फॉस्फेट, प्रथिनं परत ओढून घेतात. तिथून गळणारी बारीक प्रथिनं लघवीच्या साध्या पट्टीवर उमटत नाहीत, कारण ती पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन हे मोठं प्रथिन ओळखते. म्हणून डॉक्टरांना घरातला शिशाचा संबंध सांगा आणि 'ब्लड लेड' म्हणजे रक्तातलं शिसं मोजायची तपासणी मागा. रक्त शिरेतून द्या. बोटाला टोचून घेतलं तर कातडीवरची धूळ मिसळून आकडा फुगू शकतो. ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आलं, की शिसं कुठून येतंय ते शोधायलाच हवं. सुरक्षित अशी पातळी नाहीच.

दुसरी चूक चुलीवर होते. मासे धरायच्या जाळ्याला लावायचे शिशाचे मणी घरीच ओतत असाल, तर लक्षात घ्या: शिसं ३२७ अंशांना वितळतं, चुलीच्या जाळाला ते काहीच नाही. वरची राखाडी मळी पळीने काढताना चुलीत सांडते आणि दुसऱ्या दिवशी त्याच राखेने लेकराचं ताट घासलं जातं. हे काम स्वयंपाकाच्या चुलीवर करूच नका. आधी केलं असेल तर ती राख भांड्यांना, दातांना लावू नका, उकिरड्यावरही टाकू नका. ओसरी कोरडी झाडू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने दोनदा पुसा.

फवारणी पंपाची जुनी १२ व्होल्टची शिशाची बॅटरी फोडून प्लेटा काढणं तितकंच वाईट. दुकानदाराला अख्खी परत द्या.

तान्ह्या पोळ्याचा जुना लाकडी नंदी नव्याने रंगवताना कोरडा पॉलिश पेपर मारू नका, ओला करून घासा. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं नसावं हा नियम २०१६ चा. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नका. शिंग चोखणाऱ्या तान्हुल्याच्या हातात तो नंदी देऊच नका.

पाणी उकळून शिसं जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं.

लेकराला उपाशीपोटी खेळायला सोडू नका. रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. लोह-कॅल्शियम कमी असेल तरीही तसंच. हरभऱ्याची भाजी, तीळ, दही रोजच्या ताटात असू द्या. ताकदीसाठी नागभस्म मात्र देऊ नका, ते शिशाचंच असतं.

रक्तातल्या शिशाचा आकडा ४५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आला तर शिसं बाहेर काढणारं औषध दवाखान्यातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावं लागतं. त्याआधी घरातलं शिसं हटवा; ते तसंच राहिलं तर औषध सुरू असतानाही लेकराच्या पोटात नवं शिसं जात राहतं.