उतारावरची झाडं मोजताना टेप आडवा धरा

डोंगरात झाडांची नोंद करायला निघालात, की आधी उताराचा विचार करा. २० मीटरचा चौकोन आखताना टेप जमिनीलगत ओढला, तर प्रत्यक्षात क्षेत्र कमी भरतं. ३० अंशांच्या उतारावर २० मीटर आडवं अंतर हवं असेल, तर उतारावरून साधारण २३ मीटर जावं लागतं. टेप टप्प्याटप्प्याने आडवा धरत उतरलात तर हा हिशेबच नको. खोडाचा घेर चढाच्या बाजूला उभं राहून, जमिनीपासून १.३ मीटरवर मोजा.

सगळे चौकोन पायवाटेलगत घेण्याचा मोह टाळा. उंची बदलली, उताराची दिशा बदलली की झाडंही बदलतात. ओढ्याकाठची तर वेगळीच.

ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव लिहू नका, 'अनोळखी १' चालेल. पानाची खालची बाजू, देठ फांदीला जुळतो ती जागा, साल, खाली पडलेली फळं यांचे फोटो घ्या. देठ तोडल्यावर चीक येतो का, चुरगळलेल्या पानाला वास कसला, हे तिथल्या तिथे वहीत उतरवा. फोटोत ते कधीच येत नाही. चीक मात्र हाताला, डोळ्यांना लागू देऊ नका, काही झाडांचा फार भाजतो.