मोठा लेगो सेट घेताना या चुका टाळा

लेगोचा, म्हणजे जोडायच्या प्लास्टिक ठोकळ्यांचा, मोठा संग्राह्य सेट घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी किमतीला तुकड्यांच्या संख्येने भागतात आणि तुकडा स्वस्त पडला की सौदा फायद्याचा झाला असे धरून चालतात. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. 2021 साली आलेल्या जगाच्या नकाशाच्या सेटमध्ये 11,695 तुकडे आहेत, म्हणजे त्याच वर्षीच्या 9,090 तुकड्यांच्या टायटॅनिकपेक्षा अडीच हजारांहून अधिक. परंतु नकाशातले बहुसंख्य तुकडे जेमतेम 8 मिलिमीटर व्यासाचे, गोल आणि चपटे असून ते एकेक करून पाट्यांवर बसवणे हेच जोडणीचे मुख्य काम असते. टायटॅनिकचा सांगाडा तीन भागांत सुटतो, आत जिन्याची आणि दालनांची रचना दिसते, आणि मागचे पंखे फिरवले की आतल्या इंजिनांचे दट्ट्ये हलतात. माझ्या मते मोठ्या सेटची किंमत अशा कल्पकतेत असते. म्हणून खोक्यावरच्या आकड्याआधी जोडणीच्या सूचनांची पाने पाहावीत. एकच कृती पानामागून पान येत असेल, तर ती आपल्याला मानवेल का, याचा प्रामाणिक विचार करावा.

कंपनीने उत्पादन बंद केलेला सेट दुर्मीळच राहील, असे गृहीत धरणे ही दुसरी चूक. 2008 चा 5,922 तुकड्यांचा ताजमहाल बंद झाल्यावर त्याचे भाव भलतेच चढले. 2017 मध्ये कंपनीने जवळपास तोच सेट 5,923 तुकड्यांसह पुन्हा बाजारात आणला आणि चढ्या भावाने घेणाऱ्यांचा हिशेब चुकला. गुंतवणूक म्हणून सील न फोडता ठेवण्याचा बेत असेल, तर ही शक्यता धरूनच किंमत ठरवावी.

जागा न मोजणे ही चूक तर घरोघरी होते. टायटॅनिकची लांबी 135 सेंटिमीटर आहे. बैठकीतल्या नेहमीच्या शोकेसमध्ये ते मावत नाही.

नागपूरकरांनी उन्हाचा विचार वेगळा करायला हवा. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे गेला तरी घरातले ठोकळे वितळत नाहीत, कारण त्यांचे एबीएस प्लास्टिक त्याहून बरीच अधिक उष्णता सोसते; खरे नुकसान अतिनील किरणांनी होते. पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेल्या ताजमहालाचे पांढरे ठोकळे हळूहळू पिवळे पडतात, आणि ज्या सेटमध्ये छापील तुकड्यांऐवजी स्टिकर असतात त्यांच्या कडा उचलल्या जातात. कूलरच्या थेट झोतात खोका ठेवल्यास पुठ्ठा ओल धरून फुगतो, आणि पुनर्विक्रीत चांगल्या खोक्याला मोल असते. सीताबर्डीहून आणलेला सेट दुपारी बंद गाडीत मात्र सोडू नये. धुवायचा झाल्यास पाणी 40 अंशांपेक्षा गरम नसावे.

वापरलेला सेट घेताना तपकिरी आणि गडद लाल तुकडे जवळून पाहावेत, कारण काही जुन्या उत्पादनांतले या रंगांचे ठोकळे ठिसूळ होऊन सोडवताना तडकतात. नव्या सेटमध्ये एखादा तुकडा सापडला नाही, तर आधी पिशव्यांचे कोपरे आणि मागच्या दोन-तीन पायऱ्या तपासाव्यात. अनेकदा त्या पायऱ्यांत सारख्याच दिसणाऱ्या पण एका खुंटीने (ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्याने) लांब तुकड्याशी अदलाबदल झालेली असते. तरीही न मिळाल्यास कंपनीच्या ग्राहकसेवेकडे सेटचा आणि तुकड्याचा क्रमांक कळवावा. तुकड्याचा क्रमांक सूचना-पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर असतो.