उघडीप मिळाली तरी सकाळी पंप पाठीवर घेऊ नका

चार-सहा दिवसांची झड थांबते, सकाळी लख्ख ऊन पडतं आणि राहून गेलेली फवारणी उरकायला जो तो शेतात उतरतो. पीक फुलोऱ्यात असेल तर अख्ख्या हंगामात याहून महागात पडणारी चूक नाही. पावसात उपाशी बसलेल्या, पराग वाहणाऱ्या मधमाश्या आणि रानमाश्याही त्याच सकाळी बाहेर पडतात. काकडी, कारली, भोपळा, कलिंगड यांची फुलं पहाटे-सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. मादी फुलाला पराग मिळवून फळ धरायला ही एकच सकाळ मिळते.

नुकसान त्या दिवशी दिसत नाही. आठवड्याभरात बोटाएवढी फळं पिवळी पडून गळतात, काकडी एका टोकाला बारीक होऊन वाकते. सूर्यफुलाच्या चकतीत दाणे पोचट राहतात. दुकानात गेलं की बोरॉन, टॉनिक नाहीतर संजीवक हातात पडतं. पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी तपासा.

वाकडी काकडी उभी चिरा. आखडलेल्या बाजूला बी म्हणजे नुसतं सालपट आणि फुगलेल्या बाजूला भरलेलं असेल, तर पराग कमी पडले. सालीवर टोचल्याची खूण आणि डिंकासारखा थेंब दिसला तर ती फळमाशी, तिचा उपाय वेगळा.

दुसरी तपासणी सकाळी ६ ते ९ च्या दरम्यान करायची. नुकतं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. अशी १० फुलं करून देठाला दोरा बांधा. दोऱ्याची फळं टिकली आणि शेजारची गळली, तर शेतात माश्या नाहीत. टॉनिकनं माश्या येत नाहीत.

कलिंगडाच्या मादी फुलात मधोमध तीन भागांची गाठ असते. तिन्ही भागांवर पराग पडले तरच फळ चौफेर भरतं, आणि ते एका भेटीत होत नाही. एकाच सकाळी त्या फुलावर माश्यांना पुन्हा पुन्हा यावं लागतं.

मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या म्हणजे काम झालं, असंही नाही. वांग्याचे पराग पुंकेसरांच्या टोकावरच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतात. निळ्या पट्ट्यांची रानमाशी आणि भुंगा फूल घट्ट धरून अंग थरथरवतात, तेव्हा ते झडतात. पेटीतल्या मधमाशीला हे जमत नाही. या रानमाश्यांपैकी बहुतेक एकेकट्या राहतात. मादी आयुष्यभरात जेमतेम दहा-वीस अंडी घालते आणि तिच्या मदतीला कामकरी माश्या नसतात. फवाऱ्यात ती मेली की पुढच्या हंगामाची पिढीही गेली.

म्हणून फुलोऱ्यात फवारणी टाळता येत नसेलच तर सूर्य मावळल्यावर करा. अपवाद दुधी आणि दोडक्याचा. त्यांची फुलं संध्याकाळी उमलतात आणि पतंगही त्यांवर येतात. तिथे सकाळी फुलं मिटल्याची खात्री करून, शेतात दुसरं काही फुललेलं नाही हे पाहूनच फवारा. ढगाळ दिवशी फुलं उशिरापर्यंत उघडी राहतात. घड्याळ पाहू नका, फूल पाहा.

संध्याकाळ साधली तरी इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम या कीटकनाशकांना ती पुरत नाही. ही औषधं झाडात भिनून पराग आणि मकरंदात उतरतात. माशी मरायला त्यांचे काही नॅनोग्रॅम (ग्रॅमचा अब्जावा भाग) पुरे होतात. युरोपीय संघानं २०१८ मध्ये उघड्या शेतात त्यांचा वापर बंद केला. कळी दिसल्यापासून ती फवारूही नका आणि ठिबकमधूनही सोडू नका.

दुकानातून मिळणारं ‘सगळं एकत्र’ मिश्रण तर नकोच. प्रोपिकोनॅझोलसारखं बुरशीनाशक माशीच्या अंगातली विष पचवण्याची ताकद कमी करतं. मग सोबतचं पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक एरवीपेक्षा कितीतरी जास्त मारक होतं. भुकटीही टाळा. ती परागासारखी अंगाला चिकटून घरट्यापर्यंत जाते.

फवारायचं की नाही हे किडीच्या मोजणीवर ठरवा. तुरीत घाटे अळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा. सलग ३ दिवस सापळ्यात रोज ८ ते १० पतंग आले, तरच पुढचा विचार. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क चालतो: ५ किलो निंबोळी पूड रात्रभर भिजवून, गाळून, १०० लिटर पाण्यात. अळ्या लहान असतानाच एचएएनपीव्ही, म्हणजे घाटे अळीला मारणारा विषाणू, हेक्टरी २५० एलई (त्याच्या मात्रेचं माप). उन्हानं हा विषाणू निकामी होतो, म्हणून तोही संध्याकाळीच. आणखी एक ताळा, जो कुठल्या शिफारशीत सापडणार नाही: सकाळी फुललेल्या १० झाडांजवळ ५ मिनिटं उभे राहा. दोन-तीन माश्याही दिसल्या नाहीत, तर त्या आठवड्यात कीटकनाशकाला हातच लावू नये.

इतर कामं:
- बांधावर तणनाशक नको. गवत कापायचं तर एका वेळी अर्धंच.
- तीळ, धने, बडीशेप, मोहरी थोडी थोडी, मागेपुढे पेरा.
- वाळका बांबू आणि जुनं लाकूड भुंग्यांसाठी राहू द्या.
- उथळ ताटात खडे आणि पाणी.
- पंप पाणवठ्यावर धुऊ नका.

बांधाची थोडी उघडी, निचऱ्याची जमीन न नांगरता सोडा. पेन्सिल जाईल एवढी भोकं आणि कडेला बारीक मातीचे ढीग दिसले, तर तिथे रानमाश्यांची घरटी आहेत. बहुतेक रानमाश्या जमिनीतच राहतात. तिथे पाणी तुंबू देऊ नका, ट्रॅक्टर वळवू नका.

संध्याकाळी पंप भरण्याआधी बांधावरच्या वाळक्या काड्या एकदा पाहून घ्या. निळ्या पट्ट्यांच्या माश्यांचे नर जबड्यानं काडी पकडून, एकाखाली एक ओळीनं झोपतात. वारा तिकडे वाहत असेल तर बांधालगतच्या दोन ओळी फवारायच्या सोडा.