नोकरी सुटली की चौदा दिवसांत कुयाकुशो गाठा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून टोकियोत येणाऱ्या मुलामुलींना घर कसं मिळवायचं, बँक खातं कुठे काढायचं, तूरडाळ आणि भाकरीचं पीठ कुठल्या दुकानात मिळतं, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यावर मी लिहीत नाही. मला लिहायचंय ते पहिली नोकरी सुटते तेव्हाच्या आरोग्य विम्याबद्दल. इतकी वर्षं इथे राहून मी बघतेय की आपली हुशार, कामसू मुलं नेमकी याच ठिकाणी अडकतात, आणि अडकल्याचं त्यांना फार उशिरा कळतं.

नोकरीत असेपर्यंत तुम्ही कंपनीच्या विम्यात असता, म्हणजे शाकाई होकेनमध्ये. हप्ता पगारातून कापला जातो, साधारण अर्धा तुमचा आणि अर्धा कंपनीचा. दवाखान्यात तुम्ही ३० टक्के भरता. नोकरी सोडलीत की दुसऱ्या दिवशी हा विमा संपतो. त्याच दिवसापासून कायद्याने तुम्ही सरकारी विम्याचे, म्हणजे कोकुमिन केन्को होकेनचे सभासद होता. सगळे त्याला कोकुहो म्हणतात. पण त्याची नोंद आपोआप होत नाही. तुम्ही राहता तिथल्या कुयाकुशोत (वॉर्ड कार्यालयात), शहर लहान असेल तर शियाकुशोत (नगर कार्यालयात), १४ दिवसांच्या आत स्वतः जाऊन ती करायची असते.

आता नीट ऐका, कारण सगळा घोळ इथेच होतो. हप्ता तुम्ही नोंद करायला गेलात त्या दिवसापासून लागत नाही, जुना विमा संपला त्या दिवसापासून लागतो. चार महिन्यांनी गेलात तरी चारही महिन्यांचे पैसे भरावे लागतात. उपचाराचं मात्र उलट आहे. उशिरा गेलात तर मधल्या काळातल्या दवाखान्याच्या बिलाचे पैसे साधारणपणे परत मिळत नाहीत, पूर्ण बिल तुमच्या खिशातून जातं. म्हणजे हप्ताही भरायचा आणि बिलही भरायचं.

आपल्याकडे कुणी दवाखान्यात भरती झालं की घरचे रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन धावतात, आरोग्यमित्राला गाठतात आणि महात्मा फुले योजनेत केस बसवतात. गरज पडली की कार्ड काढायचं, ही सवय आपल्या हाडात आहे आणि गावाकडे ती उपयोगीही पडते. जपानमध्ये ती सोडा. इथे आजार येण्याआधी तुमचं नाव यादीत असावं लागतं.

माझ्या ओळखीचा चोपड्याकडचा एक मुलगा. चांगला प्रोग्रामर, निर्व्यसनी, पैसा जपून वापरणारा. एक नोकरी सोडून दुसरी लागेपर्यंत काही महिने गेले. रविवारी क्रिकेटला येणाऱ्या एका जुन्या माणसाने त्याला सांगितलं, ‘कशाला जातोस? नवीन कंपनी लागली की तीच विमा काढते.’ नवीन कंपनीने काढलाही, पण रुजू झाल्या दिवसापासून. मधले महिने कोरेच राहिले. पुढे त्याने कायम वास्तव्यासाठी अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा विम्याचे आणि पेन्शनचे हप्ते भरल्याचे मागच्या दोन वर्षांचे पुरावे लागले. त्याने धावत जाऊन सगळी थकबाकी एकरकमी भरली. तरीही अर्ज अडला, कारण पैसे भरले का एवढंच तिथे बघत नाहीत, वेळेवर भरले का हे बघतात. उशिरा भरलेला हप्ता नंतर वेळेवरचा होत नाही. त्याला नव्याने दोन वर्षं स्वच्छ भरून दाखवावी लागली. त्या काळात घर घेण्याचा बेत राहिला आणि बायकोची नोकरी व्हिसाच्या तासांच्या मर्यादेत अडकून पडली.

क्रिकेटच्या मैदानावरच्या त्या सल्लागारांबद्दल मला राग आहे. ते वाईट नसतात, पण ज्यांनी स्वतः कधी नोकरी बदललेली नाही, ते इतरांना ठामपणे सांगतात. ‘दोन वर्षांनी परतच जायचंय, कशाला भरायचं,’ असंही सांगणारे आहेत. जायचं म्हणणारे बहुतेक जण दहा वर्षांनीही इथेच भेटतात, आणि तेव्हा त्यांच्या नावावर थकबाकीची पत्रं असतात. पत्रांकडे दुर्लक्ष केलं तर बँक खात्यावर जप्ती येऊ शकते. ही भीती दाखवण्यासाठी सांगत नाही, कायद्यात तशी तरतूद आहे.

कुयाकुशोत जाताना झैर्यू कार्ड (परदेशी माणसाचं रहिवासी कार्ड), माय नंबर कार्ड (आपल्या आधारसारखं), बँकेचं कार्ड आणि एक मुख्य कागद लागतो, शिकाकु सोशित्सु शोमेइशो. जुना विमा कुठल्या तारखेला संपला ते त्यावर लिहिलेलं असतं. राजीनामा देतानाच कंपनीला हा कागद मागा. कंपन्या वेळ लावतात. कागद आला नाही म्हणून घरी बसू नका, खिडकीवर जाऊन विचारा; बऱ्याच ठिकाणी नोकरी सोडल्याचं दुसरं प्रमाणपत्र चालतं. कंपनीचा विमा क्योकाई केन्पो या विमा संस्थेचा असेल तर पेन्शन कार्यालयातूनही हा दाखला मिळतो.

तहसील कचेरीच्या आठवणींमुळे आपली माणसं सरकारी खिडकीला बिचकतात. इथे ती धास्ती बाळगू नका. कारकून अर्ज हातात देतो, कुठे काय लिहायचं तिथे पेन्सिलीने खूण करतो, भाषा अडली तर बऱ्याच ठिकाणी फोनवर किंवा टॅबलेटवर दुभाष्या जोडून देतात. पण एक लक्षात ठेवा, जे तुम्ही विचारलं नाही ते आपणहून कुणी सांगेलच असं नाही.

विचारायची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सवलत. कोकुहोचा हप्ता मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर ठरतो. पगार बंद झालेला असतो आणि हप्ता मात्र चांगल्या पगाराच्या वर्षाचा येतो. लोकांना धक्का बसतो तो इथे. कंपनीने काढून टाकलं असेल, कंपनी बुडाली असेल किंवा कंत्राट वाढवलं नसेल, तर तुमचा मागच्या वर्षीचा पगार फक्त ३० टक्के धरून हप्ता काढतात. त्यासाठी हॅलो वर्कमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयात, बेरोजगारी भत्त्याची नोंद करावी लागते. तिथून मिळालेल्या कागदावर नोकरी सुटल्याच्या कारणाचा आकडी संकेत असतो. तो कागद घेऊन पुन्हा कुयाकुशोत अर्ज करायचा. अर्ज केल्याशिवाय सवलत मिळत नाही. स्वखुशीने सोडली असेल तर सहसा मिळत नाही, म्हणून कंपनी ‘राजीनामा लिहून द्या’ म्हणते तेव्हा घाईने सही करू नका.

दुसरा रस्ताही आहे, तो म्हणजे जुन्या कंपनीचाच विमा पुढे चालू ठेवणं. त्याला निन्इ केइझोकु म्हणतात. आधी सलग दोन महिने त्या विम्यात असावं लागतं, विमा संपल्यापासून २० दिवसांत अर्ज करावा लागतो आणि जास्तीत जास्त दोन वर्षं तो चालतो. कंपनीचा अर्धा वाटा आता तुम्हीच भरायचा, पण हप्त्याला वरची मर्यादा असते. कोकुहोमध्ये घरातल्या प्रत्येक माणसामागे हप्ता वाढतो, शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांचासुद्धा, फक्त त्यांचा माणशी भाग निम्मा असतो. निन्इ केइझोकुमध्ये मात्र बायको-मुलं अवलंबित म्हणून जादा पैशांशिवाय बसतात. म्हणून पगार बरा आणि कुटुंब मोठं असेल तर पहिलं वर्ष बहुतेकदा हाच रस्ता स्वस्त पडतो. पुढच्या वर्षी उत्पन्न कमी दिसलं की कोकुहो स्वस्त होतो. २०२२ पासून मधेच सोडून तिकडे जायची मुभाही आहे. एकट्या माणसाने दोन्हीकडचे आकडे काढून घ्यावेत. वर्षाचं उत्पन्नपत्र दाखवलं की कुयाकुशोची खिडकी अंदाज काढून देते. निन्इ केइझोकुचा हप्ता मात्र दर महिन्याच्या १० तारखेच्या आत भरा. एक चुकला की विमा गेला.

नोकरी सोडण्याची तारीख ठरवताना महिन्याचा शेवटचा दिवसच ठेवा, या मुद्द्यावर मी सगळ्यांशी भांडते. काही कंपन्या ३१ ऐवजी ३० तारीख लिहायला सांगतात. एका दिवसाने काय होतं, असं वाटतं. ३० ला सोडलं तर विमा ३१ ला संपतो, महिनाअखेरीस तुम्ही कंपनीच्या विम्यात नसता, आणि त्या पूर्ण महिन्याचा आरोग्य विमा आणि पेन्शन दोन्ही तुमच्या अंगावर येतात. कंपनीचा अर्धा वाटा वाचतो.

घरी बसणाऱ्या बहिणींनो, हे तुमच्यासाठी. नवऱ्याच्या नोकरीवर तुमची पेन्शन वेगळे पैसे न भरता चालू असते. त्याची नोकरी सुटली की तुम्हालाही राष्ट्रीय पेन्शनची स्वतंत्र नोंद करावी लागते. २०२५-२६ मध्ये तिचा हप्ता माणशी दरमहा १७,५१० येन होता. म्हणजे घरात दोन हप्ते. परवडत नसेल तर त्याच खिडकीवर नोकरी गेल्याचा कागद दाखवून माफीचा अर्ज करता येतो. न भरणं आणि माफी घेणं यांत फार फरक आहे. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार २०१६ पासून लागू आहे, पण तो पेन्शनपुरता आहे. त्याच्या आधारावर आरोग्य विमा टाळता येत नाही.

इमिग्रेशनलाही नोकरी सुटल्याचं १४ दिवसांत कळवायचं. हे घरबसल्या होतं, विसरू नका.

माय नंबर कार्ड असलं तरी नोंद करावीच लागते. डिसेंबर २०२४ पासून जुनी विमा कार्डं देणं बंद झालं आणि माय नंबर कार्डच विमा कार्ड म्हणून चालतं, त्यामुळे ‘कार्ड आहे ना माझ्याकडे’ असा गैरसमज वाढलाय. कार्ड तेच राहतं, पण त्यामागचा विमा तुम्ही बदलून घ्यायचा असतो. जुन्या विम्यावर उपचार घेतलेत तर विमा संस्था तिने भरलेले ७० टक्के नंतर तुमच्याकडून वसूल करते.

आखाजीला किंवा कानबाईला गावी गेलात आणि तिथे डेंग्यू-मलेरियाने दवाखान्यात पडलात, तर कोकुहोतून काही पैसे परत मिळतात, इथल्या दराच्या हिशेबाने. मुद्दाम उपचारासाठी गेलात तर मिळत नाहीत. त्यासाठीचे छापील अर्ज कुयाकुशोतून जाण्याआधीच घ्या आणि जळगावच्या डॉक्टरकडून तिथेच भरून आणा. परत आल्यावर फोनवरून ते मिळवणं फार अवघड जातं. सोबत जपानी भाषांतरही लागतं. गावी राहणाऱ्या आई-वडिलांना मात्र यात घालता येत नाही.

नवीन नोकरी लागली की पुन्हा कुयाकुशोत जायचं. नवी कंपनी तुम्हाला तिच्या विम्यात घेते, पण कोकुहोतून तुमचं नाव काढत नाही. ते तुम्हीच काढायचं, नाहीतर दोन्हीकडचे हप्ते सुरू राहतात. जादा भरलेले पैसे परत मिळतात, त्यासाठी नव्या विम्याचा पुरावा आणि बँक खात्याचा तपशील सोबत न्या.