वीज साठवण शिकायची असेल तर एका दिव्यापासून सुरुवात करा

मी शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. आमच्या गच्चीवर एक लहान सोलर पॅनल होतं आणि त्याला लेड-ॲसिड बॅटरी जोडलेली होती. एका लांब सुट्टीत पॅनलची वायर सुटली, दिवा मात्र चालूच राहिला. बॅटरी पार उतरली आणि तशीच पडून राहिली. सुट्टीनंतर कितीही चार्ज केली तरी दहा मिनिटांत दिवा मंद व्हायचा. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत राहिली की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे टणक स्फटिक धरतात आणि मग ते सहजी विरघळत नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या बॅटरीचा मला चटका लागला आणि तिथूनच मी हा विषय शिकायला घेतला.

आधी वॉट आणि वॉट-तास यांतला फरक पक्का करा. वीज किती वेगाने जातेय ते वॉट सांगतात, एकूण किती गेली ते वॉट-तास. 1000 वॉट-तास म्हणजे आपलं एक युनिट. साठवणीची कुठलीही माहिती वाचताना हे दोन्ही आकडे शोधायचे. एकच दिला असेल तर ती माहिती अर्धवट आहे, असं मी मानते.

मग हाताने मोजा. याला पर्याय नाही. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाची बंद लेड-ॲसिड बॅटरी, गाडीच्या इंडिकेटरचा 21 वॉटचा फिलामेंटचा दिवा, एक मल्टिमीटर आणि वही, एवढं पुरतं. बॅटरीच्या धन टोकाजवळच 5 अँपिअरचा फ्यूज घाला. हातातली अंगठी, बांगड्या काढून ठेवा. बॅटरी लहान असली तरी तिची दोन टोकं धातूने जोडली गेली तर क्षणात भाजतं. चार्जिंग मोकळ्या हवेत करा, कारण जास्त चार्ज झाल्यास हायड्रोजन बाहेर पडू शकतो.

आता हिशेब. 12 गुणिले 7 म्हणजे 84 वॉट-तास. 21 वॉटचा दिवा त्यावर चार तास चालायला हवा. दर दहा मिनिटांनी व्होल्टेज आणि करंट लिहीत जा आणि व्होल्टेज 10.8 वर आलं की दिवा काढा. माझा दिवा तीन तासही टिकला नाही. मिळाले साधारण 60 वॉट-तास. मी दोनदा मोजलं, आकडा तोच.

उत्तर बॅटरीच्या माहितीपत्रकात सापडलं. 7 अँपिअर-तास ही क्षमता वीस तासांत सावकाश उतरवली तरची असते, म्हणजे 0.35 अँपिअरने. माझा दिवा त्याच्या पाचपट ओढत होता. लेड-ॲसिडमधून जितक्या घाईने वीज काढाल तितकी ती एकूण कमी देते. म्हणून अँपिअर-तासाच्या शेजारी 'किती तासांच्या दराने' हे लिहिलंय का, ते बघायचं.

प्रयोग झाल्याबरोबर बॅटरी पुन्हा भरा आणि भरतानाही मोजा. मला 80 च्या घरात वॉट-तास घालावे लागले. 60 भागिले 80, म्हणजे 75 टक्के. घातलेल्यातलं परत किती मिळालं, हा हिशेब प्रत्येक साठवणीला लागू होतो. लिथियम बॅटऱ्यांमध्ये हा आकडा 90 टक्क्यांच्या वर जातो. हायड्रोजन बनवून त्यातून पुन्हा वीज केली तर जेमतेम एक तृतीयांश हाती येते. तरीही हायड्रोजनचा विचार होतो, कारण उन्हाळ्यातली ऊर्जा हिवाळ्यापर्यंत ठेवायची तर बॅटऱ्या फार म्हणजे फारच लागतील.

यानंतर लिथियम आयर्न फॉस्फेट या लिथियम बॅटरीच्या प्रकाराकडे वळा. सेल उघडू नका, सुटे सेल जोडायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका, बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवून त्यांना जपणारं सर्किट, बसवलेलाच पॅक घ्या. शून्य अंशाखाली तो चार्ज करू नये, आत धातुरूप लिथियम साचतं. हाच दिव्याचा प्रयोग त्यावर केलात की एक वेगळीच गोष्ट दिसेल. व्होल्टेज बराच वेळ जवळजवळ हलतच नाही, सेलमागे 3.2 ते 3.3 च्या आसपास राहतं आणि शेवटी एकदम कोसळतं. त्यामुळे व्होल्टेज बघून 'किती उरली' हे सांगता येत नाही. आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट सतत मोजत राहावं लागतं.

आकार ठरवायचा सराव असा करा. रात्रीसाठी 2 युनिट हवेत आणि इन्व्हर्टरची कार्यक्षमता 90 टक्के आहे असं धरा. लेड-ॲसिड निम्म्यापर्यंतच उतरवायची ठरवली, तर 2 भागिले 0.9 भागिले 0.5, सुमारे 4.4 युनिटची बॅटरी. लिथियम 90 टक्के वापरायची ठरवली तर सुमारे 2.5. किती खोल उतरवता यावर बॅटरी भरण्या-उतरवण्याचे किती फेरे टिकेल हेही ठरतं, म्हणून फेऱ्यांचा आकडा खोलीशिवाय वाचू नका.

मोठ्या यंत्रणा आता सोप्या जातील. एक घनमीटर पाणी 100 मीटर वर चढवलं तर त्यात साडेनऊ-दहा लाख ज्यूल, म्हणजे सुमारे 0.27 युनिट साठतं. माझ्या त्या छोट्या बॅटऱ्या जेमतेम सव्वातीन! हे गणित सुटलं तेव्हा मी कितीतरी वेळ वहीकडे बघत बसले होते. पाणी इतकं कमी साठवतं म्हणूनच उदंचन प्रकल्पांना, म्हणजे पंपाने पाणी वर चढवून वीज साठवणाऱ्या प्रकल्पांना, डोंगर आणि तलाव लागतात. वेल्समधला डिनॉर्विग प्रकल्प 1984 मध्ये सुरू झाला. सुमारे 1700 मेगावॉट आणि 9000 मेगावॉट-तास. भागाकार करा, पाच तासांहून थोडं अधिक. दक्षिण ऑस्ट्रेलियातली हॉर्न्सडेलची बॅटरी 2017 मध्ये 100 मेगावॉट आणि 129 मेगावॉट-तासांची होती, पूर्ण जोराने सव्वा तास. यात कमी-जास्त कुणी नाही, कामं वेगळी आहेत. बॅटरी सेकंदाच्या अंशात प्रतिसाद देते, म्हणून ग्रिडची, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याची, फ्रिक्वेन्सी सावरायला ती उत्तम. डोंगरावरचं पाणी संध्याकाळ निभावून नेतं.

शेवटचा अभ्यास आलेख-कागदावर. दिवसभर दर अर्ध्या तासाने पॅनलची वीज आणि घराचा वापर, दोन्ही वॉटमध्ये मोजून एकाच कागदावर दोन रेषा काढा. दुपारी पॅनलची रेषा वर राहते, त्यामधल्या जागेतले चौकोन मोजा. एवढी ऊर्जा साठवायला मिळते. संध्याकाळनंतर वापराची रेषा वर येते, तिथले चौकोन म्हणजे लागणारी ऊर्जा. दुपारच्या बेरजेतून साठवणीतली घट वजा करायला विसरू नका. असे सात दिवसांचे सात कागद करा, एखादा तरी ढगाळ दिवस त्यात येऊ द्या, आणि बॅटरीचा आकार त्या कागदावरून काढून बघा.